गोळी चढते केव्हा, सराव करायचा केव्हा

पार्किन्सनच्या पेशंटचा व्यायाम किती वाजता, हे बऱ्याच घरी फिजिओथेरपिस्टच्या सवडीवर ठरतं. ते गोळीच्या वेळेवर ठरायला हवं.

पार्किन्सनची मुख्य गोळी म्हणजे लेव्होडोपा, तिचं मेंदूत डोपामिन बनतं. ती साधारण अर्ध्या ते एका तासात चढते, म्हणजे तिचा असर जाणवू लागतो. तिला मेंदूपर्यंत टिकवणारी कार्बिडोपा जोडीला असली तरी रक्तातलं लेव्होडोपाचं प्रमाण दीड-एक तासात निम्म्यावर येतं. समजा, पहिली गोळी सकाळी ७ ची आहे. ती रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी, नाश्ता ७.३० नंतर आणि सराव ७.४५ ते ८.३०. पोह्यांवरच्या तर्रीतले चणे, दूध, अंडं गोळीला लागून नको. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच वाटेनं शिरतात. वाटेवर गर्दी झाली की गोळी मागे पडते. लोहाची गोळीही दोन तास लांबच ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात तर सराव सकाळीच उरकलेला बरा. घाम गेला, पाणी कमी पडलं की उभं राहताना बीपी उतरतं, आणि लेव्होडोपाही ते उतरवतेच.

पण गोळी हालचाल मोकळी करते, शिकवत नाही. शिकवते ती उजळणी. पार्किन्सनमध्ये डोपामिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, आधी आटतं ते मेंदूच्या आतल्या स्ट्रायटममधल्या पुटामेन या भागाच्या मागच्या बाजूला, जिथे सवयीच्या हालचाली सांभाळल्या जातात. स्ट्रायटमचा खालचा भाग बरीच वर्षं त्यामानाने शाबूत असतो. मागच्या भागाला पुरेल तेवढा डोस या शाबूत भागाला जास्त होऊ शकतो, म्हणून आजाराच्या सुरुवातीच्या काळात गोळी चढलेली असताना काही प्रकारचं शिकणं उलट मंदावतं. यावरून कुणी गोळीच टाळू नये. लेव्होडोपा एकदम बंद केली तर अंग ताठरतं, जोराचा ताप चढतो, जिवावर बेतू शकतं.

शर्टाच्या बटणांचं उदाहरण घ्या. पहिले काही दिवस एकच शर्ट, तीच खुर्ची. सगळ्यात खालच्या बटणापासून सुरुवात, तेच बटण सलग १० वेळा, मग वरचं. प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायचं, "धर, ढकल, ओढ." सुरुवातीलाच क्रम बदलत गेलं तर गोंधळ वाढतो, हात बसल्यावर शर्ट बदला, खोली बदला. हे बदलणं टाळू नका, कारण पार्किन्सनमध्ये शिकलेलं त्या जागेला आणि गोळीच्या त्या अवस्थेला चिकटून राहतं.

खरी अडचण इथेच येते. सकाळी ८ ला हॉलमध्ये छान वळणारा माणूस पहाटे ५ ला बाथरूमच्या दारात अडकतो, कारण तेव्हा रात्रीची गोळी उतरलेली असते. म्हणून पलंगावर कूस बदलणं, काठावर येऊन बसणं, दारातून वळणं यांचा थोडा सराव पहिल्या गोळीआधीही हवा. ५-७ मिनिटं पुरेत, आणि कुणीतरी शेजारी हवंच. गोळी पुढे ढकलायची नाही, ती आपल्या वेळेलाच. बाथरूमच्या वाटेवर पेशंटच्या सहज पडणाऱ्या पावलाच्या अंतराने गडद पट्ट्या आडव्या चिकटवा आणि प्रत्येक पट्टी ओलांडायला सांगा. वळताना एका जागी गिरकी नको, मोठा अर्धगोल घ्यायचा. पाय चिकटलेच तर ओढायचं नाही. थांबायचं, वजन डावी-उजवीकडे झुलवायचं, मग टाच टेकवत पाऊल.

थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल, विशेषतः सत्तरीच्या पुढे, तर डॉक्टरांशी जरूर बोला. त्याने स्मरणशक्ती मंदावते आणि काल शिकवलेलं आज राहत नाही. घरच्यांना वाटतं आजोबा मन लावत नाहीत.

पुढच्या भेटीला एक वही न्या. त्यात गोळीची वेळ, जेवणाची वेळ, सरावाची वेळ आणि पाच बटणांना लागलेले सेकंद. दोन आठवड्यांच्या नोंदी असल्या की डोस वाढवायचा की वेळ सरकवायची, हे न्यूरॉलॉजिस्टना ठरवायला सोपं जातं.