टेकून निघून गेलेल्या

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज फ्लो सेलमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या ज्या काचेच्या कप्प्यातून जिवाणूंचा द्रव वाहतो त्यात, बुडबुडा शिरला आणि काचेला चिकटणाऱ्या जिवाणूंची चार तासांची फिल्म तिथेच संपली. पडद्यावर डावीकडून एक काळी कमान सरकत आली, उजवीकडे निघून गेली आणि मागे काच जवळजवळ कोरी राहिली. हवा-पाण्याची ती सीमा सरकताना काचेवर चिकटलेल्या पेशींना खरवडून नेते. चूक माझीच. जिवाणूंच्या पोषक माध्यमाची बाटली फ्रिजमधून काढून थेट नळीला जोडली. थंड द्रव गरम झाला की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडणार, हे ठाऊक असूनही सकाळी घाई केली.

वाईट वाटलंच. पण संध्याकाळी फिल्मचा पहिला अर्धा तास परत परत पाहिला आणि आता झोप लागत नाहीये.

स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची एक पेशी, जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब, प्रवाहातून आली आणि एका टोकाने काचेला टेकली. टेकली ती गरगर फिरायलाच लागली. शेपूट, म्हणजे फ्लॅजेलम, काचेला अडकलं होतं आणि त्याची मोटर चालूच होती. शेपटाला फिरता येईना म्हणून अंग फिरत होतं. मग थांबली आणि सुटून गेली. तिच्या जवळच दुसरी टेकली, तीही गेली. तिसरी बराच वेळ टोकावर उभी डोलत राहिली, मग हळूच आडवी झाली. ती मात्र गेली नाही. अधूनमधून पिलीचे बारीक धागे पुढे टाकून स्वतःला ओढत थोडी सरकायची, एवढंच.

लॅबमध्ये आम्ही याला रिव्हर्सिबल आणि इररिव्हर्सिबल अटॅचमेंट म्हणतो, म्हणजे सुटू शकणारं आणि कायमचं चिकटणं. इतकी वर्षं हे शब्द वापरतेय, पण त्या दोन शब्दांमधली चलबिचल आज पहिल्यांदा नीट पाहिली.

माझं बाकीचं काम 96 खळग्यांच्या प्लेटवर चालतं. जिवाणू वाढवायचे, प्लेट उपडी करायची, धुवायची, 0.1 टक्का क्रिस्टल व्हायोलेट हा रंग घालायचा, पुन्हा धुवायचं. खळग्याच्या भिंतीवर, जिथे द्रवाची पातळी होती तिथे, जांभळं कडं उमटतं. ते ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवून 550 नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती गडद आहे ते मोजायचं. या पद्धतीबद्दल मला आदर आहे. 1998 साली ओटूल आणि कोल्टर यांनी अशाच प्लेटवर चिकटू न शकणारे म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेले जिवाणू, शोधले. फ्लॅजेलम निकामी असलेले नीट चिकटतच नव्हते. पिली नसलेले चिकटून एक थर करत, पण त्यांचे पुंजके होत नव्हते. दोन अवयव, दोन वेगळी कामं, आणि हे म्युटंट सापडले साध्या जांभळ्या रंगामुळे.

पण प्लेट मोजते फक्त राहिलेल्यांना. टेकून गेलेल्या पेशी पहिल्याच धुण्यात सिंकमध्ये जातात आणि मी त्यांना ‘न चिकटलेल्या’ धरते. हे आता मला पटत नाही. पृष्ठभाग लागल्याची खूण पेशीच्या आत उमटते. सायक्लिक-डाय-जीएमपी हा पेशीतला संदेश देणारा रेणू वाढला की पोहणं मंदावतं आणि चिकट बहुशर्करा तयार होऊ लागतात. 2018 मध्ये याच जिवाणूवर झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की काच सोडून गेलेल्या पेशींमध्येही त्या स्पर्शाची आठवण टिकते, पुढच्या पिढ्यांत उतरते आणि त्या पुढच्या वेळी जास्त सहज टेकतात. मग त्या दोघी, गरगर फिरून गेलेली आणि तिच्या मागची, कोऱ्या परत गेल्या असं कसं म्हणू?

बायोफिल्मचा, म्हणजे पृष्ठभागावर जमणाऱ्या जिवाणूंच्या थराचा, पहिला तास म्हणजे मला या येण्या-जाण्याचा तास वाटतो. यापुढे मोजायचं ते सगळं: किती टेकल्या, किती गेल्या आणि प्रत्येक किती वेळ थांबली. हाताने मोजावं लागलं तरी चालेल. निदान पहिल्या दोन फिल्मचं तरी हातानेच करेन. प्रोग्रॅमला फिरणारी पेशी आणि डोलणारी पेशी सारखीच दिसते, मला नाही.

बाटली मघाशीच फ्रिजबाहेर काढून टेबलावर ठेवून आले आहे. पंपाच्या पुढे बुडबुडे अडवणारा बबल ट्रॅपही बसवला. सकाळी आठला सुरू.