जनरल वॉर्डाची हवा कोण तपासणार?

रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करणाऱ्या कोणालाही शस्त्रक्रियागृहाच्या हवेची तपासणी नवीन नाही. ब्लड अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी वापरतात त्या रक्तमिश्रित जेलीच्या प्लेट जमिनीपासून एक मीटर उंचीवर आणि भिंतीपासून एक मीटर अंतरावर तासभर उघड्या ठेवायच्या, नंतर त्या इनक्युबेटरमध्ये ठेवून जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या आणि अहवाल इन्फेक्शन कंट्रोलच्या फाइलला लावायचा, हा आमच्या कामाचा ठरलेला भाग आहे. मात्र या पद्धतीत श्वसनमार्गाचा एकही विषाणू कधीच दिसणार नाही, कारण विषाणूला वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते आणि अगारवर ती नसते. शिवाय ही तपासणी होते ती बहुधा संपूर्ण इमारतीतील सर्वांत स्वच्छ हवेच्या खोलीत. जिथे चाळीस खोकणारी माणसे एका छताखाली झोपलेली असतात, त्या मेडिसिन वॉर्डात किंवा कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या बाकांपाशी कोणी प्लेट घेऊन जात नाही आणि पंप घेऊन तर नाहीच.

विषाणूसाठी पंपच लागतो. हवा ओढून ती गाळणीतून न्यायची, किंवा छोट्या चक्रीवादळासारखी फिरवून तिच्यातले कण नळीच्या भिंतीवर गोळा करायचे, किंवा वाफेचे पाणी कणांभोवती जमू देऊन ते अलगद द्रवात उतरवायचे, असे हे तीन मुख्य मार्ग आहेत. अंगावर लावायचा छोटा नमुनायंत्राचा पंप मिनिटाला साडेतीन लिटर हवा ओढतो, म्हणजे चार तासांत जेमतेम ८४० लिटर. वॉर्डाच्या मानाने ही हवा फारच थोडी आहे. गोळा झालेल्या नमुन्यावर आरटी-पीसीआर केली की विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडतो, पण तो विषाणू जिवंत होता की मोडून पडलेला, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी पेशींवर त्याची वाढ करावी लागते, आणि जोराने ओढलेल्या, कोरड्या गाळणीवर तासन्‌तास पडून राहिलेल्या विषाणूची वाढ होणे कठीण असते.

तरीही कोविडच्या आधीपासून हे काम झालेले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात फ्लूच्या हंगामात हवेचे नमुने घेण्यात आले, तेव्हा सापडलेल्या इन्फ्लुएन्झाच्या आरएनएपैकी निम्म्याहून अधिक भाग चार मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांवर होता. असे कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर पोहोचू शकतात. पुढे २०२० मध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथील संशोधकांनी कणांभोवती वाफेचे पाणी जमवण्याच्या पद्धतीने कोविड रुग्णांपासून २ ते ४.८ मीटर अंतरावरील हवेतून जिवंत विषाणू मिळवला आणि त्याची पेशींवर वाढ करून दाखवली. त्या काळी आपल्याकडे जमिनीवर सहा-सहा फुटांवर गोल आखले जात होते, हे आठवले की त्या ४.८ मीटरचे वजन समजते.

मला सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास मात्र केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयातला वाटतो. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या एका कोविड वॉर्डात आणि एका अतिदक्षता विभागात हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) व अतिनील किरणे असलेली हवाशुद्धीकरण यंत्रे ठेवून पाहण्यात आली. यंत्र सुरू करण्यापूर्वीच्या आठवड्यात वॉर्डाच्या हवेत पाचही दिवस विषाणू सापडला, यंत्र सुरू असताना पाचपैकी एकाही दिवशी सापडला नाही, आणि यंत्र बंद केल्यावर पुन्हा चार दिवस सापडला. एकच वॉर्ड आणि तीनच आठवडे, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करू नये, हे मान्य आहे. पण अतिदक्षता विभागात यंत्र बंद असतानाही विषाणू फारसा सापडला नाही, ही गोष्ट मला यंत्राच्या यशापेक्षा महत्त्वाची वाटते. त्या वेळी ब्रिटनमध्ये घट्ट बसणारे एफएफपी-३ मास्क अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांना मिळत होते आणि साध्या वॉर्डातील परिचारिकांकडून मात्र सर्जिकल मास्कवर काम भागवून घेतले जात होते. अतिदक्षता विभागात विषाणू कमी सापडण्याचे कारण असे असावे: संसर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांत रुग्ण विषाणू अधिक सोडतो आणि अतिदक्षता विभागात तो बहुधा त्यानंतर पोहोचतो. शिवाय तिथे अनेकांचा श्वास व्हेंटिलेटरच्या बंद नळ्यांतून चाललेला असतो. म्हणजेच, चांगले मास्क जिथे दिले गेले, तिथे हवेतला धोका कमी होता.

भारतातही या विषयावर काम झाले आहे. हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) आणि चंदिगडची इमटेक (सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था) या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक परिषदेच्या संस्थांनी हैदराबाद व मोहाली येथील रुग्णालयांची हवा तपासली. खोलीत दोन किंवा अधिक कोविड रुग्ण असताना ७५ टक्के नमुन्यांत विषाणूचा आरएनए मिळाला; एकच रुग्ण असताना किंवा एकही नसताना हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. इथे अतिदक्षता विभाग आणि साधे वॉर्ड या दोन्हींच्या हवेत विषाणू आढळला, म्हणजे केंब्रिजचा निष्कर्ष उचलून जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. कोणत्या विभागात हवा किती वेळा बदलते, हे इमारतीगणिक वेगळे असते, आणि म्हणूनच स्वतःच्या इमारतीत मोजावे लागते.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये हवेत कोविडचा विषाणू आहे का, याचे पाच मिनिटांत उत्तर देणारे यंत्र तयार केले. ते मिनिटाला सुमारे हजार लिटर हवा ओढते आणि त्याचा आवाज ७५ ते ९० डेसिबल होतो. रात्री वॉर्डात असे यंत्र चालवण्याची परवानगी आमच्या मेट्रन देतील असे मला वाटत नाही. पण माझी खरी शंका आवाजाबद्दल नाही. कोविडचे दहा रुग्ण ज्या वॉर्डात दाखल आहेत, तिथल्या हवेत कोविडचा विषाणू आहे असे यंत्राने सांगितले, तर त्यावर करायचे काय? आणि विषाणू नाही असे सांगितले, तर पंप चुकीच्या कोपऱ्यात होता की खिडकीतून वारा येत होता, हे कोण ठरवणार? धोक्याची घंटा म्हणून या तपासणीचा उपयोग मला मर्यादित दिसतो. बदलाच्या आधी आणि नंतर, त्याच जागी, त्याच वेळी मोजण्यासाठी मात्र ती फार उपयोगी आहे.

श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे मीटर स्वस्त असतात, आणि बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असताना वॉर्डात दीड हजार दिसले, तर ताजी हवा कमी पडते आहे हे पीसीआरशिवायही कळते. परंतु हेपा गाळणी कार्बन डायऑक्साइड अडवत नाही, त्यामुळे खर्च करून घेतलेले शुद्धीकरण यंत्र काम करते की नाही, हे त्या मीटरवर कळणार नाही. तिथे हवेतील विषाणूच मोजावा लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सामान्य वॉर्डासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताज्या हवेची शिफारस केली. उंच छताच्या आणि समोरासमोर खिडक्यांच्या जुन्या सरकारी इमारतींना वारा वाहता असताना ती साधू शकते. स्प्लिट एसी लावलेल्या नव्या बंदिस्त खोल्यांत ती साधणे कठीण, कारण तो एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. पावसाळ्यात तर जुन्या वॉर्डांच्या खिडक्याही लावून घेतल्या जातात, आणि आपल्याकडे फ्लूचा एक हंगाम नेमका त्याच सुमारास सुरू होतो.

त्यामुळे एकच पंप मिळाला, तर तो जुलैअखेरीस मेडिसिन वॉर्डात, दारापासून दूर, झोपलेल्या रुग्णाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा, असे मी सुचवीन. पहिला आठवडा आहे त्या स्थितीत, दुसरा आठवडा एक्झॉस्ट पंखे दुरुस्त करून आणि वरची तावदाने उघडी ठेवून. रोजची रुग्णसंख्या आणि त्यातले खोकणारे किती, याची नोंद नमुन्यासोबतच व्हायला हवी, नाहीतर दोन आठवड्यांची तुलना होणार नाही. केंब्रिजमध्ये तिसऱ्या आठवड्यात यंत्र बंद करून पाहिले गेले. पंख्यांच्या बाबतीत तो तिसरा आठवडा मी प्रस्तावात घालणार नाही.