तुम्ही विचारलंत म्हणून : नेपाळी आपल्याला पाण्यात का बघतात?

विट्यात स्टँडवर, लग्नात, मयतीला सुद्धा कुणी भेटलं की हेच, तू काठमांडूत गलाई केलीस ना, सोनं-चांदी गाळायचा धंदा, मग सांग की, ते नेपाळी आपल्याला एवढं पाण्यात का बघतात? २०२५ च्या सप्टेंबरात तिकडं पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा तर फोन थांबेनात, आणि त्याच वेळी आपल्या ग्रुपवर फिरतंय की हे सगळं हिंदूराष्ट्रासाठी चाललंय. अरे, सोशल मीडियावरची बंदी आणि भ्रष्टाचार ह्यावरनं उतरली होती ती. आपल्याला पाहिजे तेव्हा धर्मबंधू, नको तेव्हा चीनची पिलावळ.

तर ऐका. डिसेंबर २०००. त्या वर्षी हृतिक रोशन तिकडं पण देव होता, आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं आरशावर त्याचा फोटो लावलेला. आणि एकाएकी उठलं की तो टीव्हीवर म्हणाला, मला नेपाळ आवडत नाही, तिथली माणसं आवडत नाहीत. कुणी बघितलं? ज्याला विचारावं तो म्हणे माझ्या साडूनं बघितलं. मी असलं बोललोच नाही म्हणून त्यानं जाहीर सांगितलं, पण तोवर भारतीयांची दुकानं फुटलेली, पोलीस गोळीबारात माणसं गेलेली.

आम्ही भट्टी विझवून शटर आतनं लावलं. दुसऱ्या दिवशी खायला काही उरलं नाही म्हणून मी शेजाऱ्याची नेपाळी ढाका टोपी घालून बाहेर पडलो, डोळे बारके, नेपाळी बरी यायची, खपून गेलो. चौकात पोरांनी सायकलवर संत्री विकणाऱ्याला धरलेलं. मधेसी, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट भागातला नेपाळी, जनकपूरकडचा, मी रोज त्याच्याकडनंच घ्यायचो. 'म नेपाली हुँ, म नेपाली हुँ' करत खिशातली नागरिकता काढून दाखवत होता आणि ती कुणी हातात पण घेईना, सावळं तोंड बघून 'धोती' म्हणून ठरवून टाकलेलं, तिकडं भारतीयांना हीच शिवी. त्यानं मला बघितलं. एक पोरगा माझ्याकडं वळला, दाइ, यो इन्डियन हो? म्हणजे दादा, हा इंडियन आहे का? मी मान हलवली.

बायकोला सांगताना मी 'नुसती हलवली' म्हणतो. नाही. हो म्हणून हलवली.

इंडियन मी होतो ओ, मुक्काम पोस्ट विटा, तालुका खानापूर. तेविशीतलं पोरगं, घर सोडून इतक्या लांब, तुम्ही काय केलं असतंत? आणि लगेच वाटतं, टोपी तर होतीच डोक्यावर, नाही म्हणायला काय जात होतं. तो परत त्या चौकात दिसला नाही. मी चौकशी पण केली नाही, हेही लिहितो.

त्याच रात्री आमच्या घरमालकीण दिदीनं दारात उभं राहून सांगितलं, इथं कुणी इंडियन राहत नाही. आता ती आपल्याला पाण्यात बघते म्हणू का? का त्या पोरांवरनं ठरवू? का माझ्यावरनं?

त्या हिंदूराष्ट्राच्या मेसेजखाली मी 'खोटं आहे' असं टाइप केलं होतं. मग खोडलं. ॲडमिन माझा मेव्हणा आहे.