शेवटचा वटवट्या कधी गेला?

वसंतातलं स्थलांतर म्हटलं की पक्षी 'येतात' अशीच समजूत असते, कारण त्यावरची बहुतेक पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली. बेळगाव-खानापूर-निपाणी-गोकाक पट्ट्यात गणित उलटं आहे. आपले पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात आणि होळीनंतर एकेक करून निघतात. पाहुणा आला की गल्लीभर कळतं. गेला कधी, ते मात्र अंगण ओस दिसल्यावर लक्षात येतं. म्हणून ऑक्टोबरातल्या 'पहिल्या' तारखा सगळ्यांच्या वहीत असतात आणि एप्रिलमधल्या 'शेवटच्या' तारखा क्वचितच. २००७ साली सुरू झालेल्या, स्थलांतरी पक्ष्यांच्या नोंदींच्या मायग्रंटवॉच उपक्रमाने लोकांकडून दोन्ही तारखा मागितल्या होत्या. आता तेच काम ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर होतं.

शेवटची तारीख कळायला पक्षी गेल्यानंतरही तिथे जावं लागतं. १२ एप्रिलला हिरवट वटवट्या, म्हणजे ग्रीनिश वॉर्बलर हा छोटा पाहुणा पक्षी, दिसला आणि १५, १८, २१, २४ ला दिसला नाही, तर तो १२ ते १५ च्या दरम्यान गेला असं म्हणता येतं. फक्त रविवारी जाणाऱ्याच्या हाती आठवडाभराचा धूसर पट्टा लागतो. दर तिसऱ्या दिवशी एक फेरी, तीच वाट, तीच वेळ. बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोसारख्या जुन्या झाडांच्या जागेत तीन झाडं ठरवावीत आणि प्रत्येकाखाली वीस मिनिटं थांबावं. पावणेसात ते आठ ही वेळ उत्तम. साडेनऊनंतर ऊन चढलं की हे पक्षी आवाज बंद करून दाट पानांत शिरतात. अकरा वाजता जाऊन लिहिलेल्या 'दिसला नाही'ला काही किंमत नाही.

पानांतले वटवट्ये, म्हणजे लीफ वॉर्बलर, आधी कानाने ओळखायचे. आपल्याकडे सगळ्यांत जास्त हिरवटच. त्याची हाक दोन तुकड्यांची, 'टिस्-ली', धारदार. ग्रीन वॉर्बलर त्याचा जवळचा नातलग, वीण कॉकेशसकडे. त्याची हाक बहुधा तीन तुकड्यांची, 'चि-सु-वी'. जांबोटी-कणकुंबीच्या रानात शेंड्यावरून खाली-वर अशी 'डिर्-टी' शीळ आली आणि दुसरा सूर चढा असला, तर तो लार्ज-बिल्ड वटवट्या. वेस्टर्न क्राउन्ड वटवट्याच्या डोक्यावर मधोमध फिका पट्टा असतो, पण तो वरून दिसतो आणि आपण उभे असतो झाडाखाली! त्यासाठी घाटरस्त्याच्या वळणावर उभं राहावं, म्हणजे दरीतल्या झाडाचा शेंडा डोळ्यांच्या पातळीवर येतो. चोर्ल्याच्या वाटेवर अशी वळणं बरीच आहेत. फक्त गाडी वळणावर लावू नये. भीमगड अभयारण्याच्या आत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढावी.

पंखावरची फिकी पट्टी इथे फार घोळ घालते. हिरवट वटवट्या पंखांची पिसं आपल्याकडेच, हिवाळ्याच्या उत्तरार्धात बदलतो. फेब्रुवारीत एका पंखावर पट्टी आणि दुसऱ्यावर नाही असाही पक्षी दिसतो. मार्चअखेरीस तो कोरा करकरीत होतो, पट्टी ठळक उमटते आणि वहीत एकदम 'ग्रीन वॉर्बलर'ची गर्दी होते. भरीला करंजाची पोपटी पालवी! तिच्यातून झिरपणाऱ्या उजेडात हिरवटाचाही गळा पिवळा दिसतो. ग्रीनचा पिवळेपणा भुवई, गाल आणि गळा तिन्हीकडे असतो आणि पक्षी उघड्या फांदीवर आल्यावरही टिकतो. तरी आवाजाचं रेकॉर्डिंग नसेल तर 'हिरवट/ग्रीन' असं जोडनाव लिहावं. त्यात कमीपणा नाही.

रेकॉर्डिंगला साधा मोबाइल पुरतो. तो हातात न धरता दगडावर किंवा पिशवीवर ठेवावा, कारण बोटांची खसखस पक्ष्याच्या हाकेपेक्षा मोठी येते. तीस-चाळीस सेकंद हलू नये. शेवटी हळू आवाजात जागा, वेळ आणि झाड सांगून ठेवावं. पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढे ओढायचा प्रकार मला मुळीच पटत नाही. लांबच्या उड्डाणाआधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याचा चरण्याचा वेळ त्यात वाया जातो.

खरा दुर्मीळ म्हणावा असा वटवट्या म्हणजे टायटलर्स. काश्मीरकडे वीण करतो, हिवाळा पश्चिम घाटात काढतो. चोच लांब, बारीक, टोकदार, भुवई लांब, पंखावर पट्टी अजिबात नाही. फोटो मात्र नेहमी पोटाकडूनच येतात आणि पोटावरून टायटलर्स सिद्ध होत नाही. चोचीचा बाजूने एक आणि मिटलेल्या पंखाचा एक, असे दोन फोटो मिळाले तरच नाव लिहावं.

गोकाक-अथणीकडच्या बाभळींत वेगळीच जोडी असते, बूटेड आणि साइक्स वटवट्यांची. दोघे मातकट, दोघांच्या शेपटीच्या कडा फिक्या. साइक्सची चोच लांब आणि तो बाभळीत वरपर्यंत चढतो, बूटेड बहुधा खालच्या झुडपांत. उसाच्या बांधावरच्या घाणेरीतून 'चक्, चक्' येत असेल आणि काहीच दिसत नसेल तर ब्लिथचा बोरू वटवट्या. तो दिसेपर्यंत थांबायची गरज नाही, आवाज पुरेसा आहे.

माशीमारांपैकी एकाचाच उल्लेख पुरे. काश्मिरी माशीमार नीलगिरी आणि श्रीलंकेत हिवाळा काढून मार्चअखेर ते एप्रिलात घाटातून परत जातो. नराच्या छातीवरच्या विटकरी रंगाला दोन्ही बाजूंनी काळी किनार असते. लाल छातीच्या नेहमीच्या माशीमाराला ती नसते. मादीवर पैज लावू नये.

आता शिकारी पक्षी. कड्यावर बसून तासाला शेकडो मोजण्याइतका ओघ आपल्याकडे वसंतात नसतो. राजहंसगडावर बसलात तर दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील, पण पद्धत नीट असावी. दोघं हवीत, एक दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहणारा आणि एक लिहिणारा. दूरच्या दोन खुणा ठरवून त्यांच्यामधली रेषा ओलांडली तरच पक्षी मोजायचा. गरम हवेच्या भोवऱ्यात गोल फिरणारे मोजू नयेत. भोवऱ्याच्या माथ्यावरून ओळीने सरकत बाहेर पडतात तेव्हा मोजावेत, नाहीतर तीच घार चार वेळा लिहिली जाते. सकाळी साडेनऊपर्यंत हवा तापत नाही, तोवर चहा प्यावा. दुपारनंतर कोकणाकडून पश्चिम वारा चढतो, तो कड्याला आपटून वर येतो आणि स्थानिक सापमार गरुड, घारी त्यावर तासन्‌तास तरंगतात. हे प्रवासी नव्हेत. उत्तरेकडे सरळ रेषेत, पंख न हलवता जाणारा तो प्रवासी, आणि त्यातही मोहोळ घारीवर लगेच विश्वास ठेवू नये. ती इथे बारमाहीही असते.

आपल्या भागातली खरी शिकारी-गणना म्हणजे भोवत्यांची, हॅरियरची, संध्याकाळची मोजणी. माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या दिवसभर शिवारावर फिरतात आणि रात्री पूर्वेकडच्या माळांवर गुडघाभर गवतात जमिनीवरच एकत्र झोपतात. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी गवताच्या बाहेर, किमान दीडशे-दोनशे मीटरवर बसावं. दोन बाजूंना दोघं, घड्याळं जुळवलेली, प्रत्येक पक्ष्याची वेळ आणि दिशा लिहिलेली. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून दुबार नोंदी काढाव्यात. पक्षी उतरून पुन्हा उठतात, म्हणून शेवटचा आकडा पार अंधार पडल्यावरच धरायचा. नर सोपे: माँटेग्यूच्या पंखावर वरून काळी आडवी रेघ, पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर. तपकिरी माद्या आणि पिल्लं संधिप्रकाशात वेगळी करण्याच्या भानगडीत पडू नये. गालावरच्या गडद डागामागे फिकी कॉलर स्पष्ट दिसली तरच पांढुरका लिहा, बाकी सगळे जोडनावाने.

इथे शून्याचे दोन अर्थ होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटवतात किंवा गवत कापून नेतात. दुसऱ्या दिवशी मोजणी शून्यावर येते, पण पक्षी कझाकस्तानला निघालेले नसतात, पलीकडच्या माळावर गेलेले असतात. म्हणून दर खेपेस गवताची उंची आणि जळिताचा अंदाज आकड्याशेजारी लिहावा. आणि झोपायची जागा नकाशावर टाकून जगजाहीर करू नये.

पाण्यावर फार वेळ घालवायला नको, पण राकसकोप, हिडकल, धुपदाळला मार्च-एप्रिलात पाणी ओसरून चिखल उघडा पडतो, तिथे पिवळे धोबी (यलो वॅगटेल) बघाच. हिवाळ्यात सगळे सारखेच मळकट. एप्रिलात डोकी रंगतात. काळं कुळकुळीत डोकं, फिकं राखाडी डोकं आणि पांढरी भुवई, गडद राखाडी आणि भुवई नाहीच, अशा उपजाती एकाच थव्यात शेजारी-शेजारी चरतात. भारीट (बंटिंग) आणि भोरड्या (रोझी स्टार्लिंग) यांचा रंग मात्र पिसं बदलून येत नाही, झिजून येतो. पिसांच्या मातकट कडा घासून गेल्या की खालचं काळं उघडं पडतं. शाळू निघाल्यावर भोरड्या पळस-पांगाऱ्यावर येतात. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात भरावं, मग शंभराचा ठोकळा, मग थव्यात असे किती ठोकळे बसतात ते. थवा वळताना दाट दिसतो, पसरताना विरळ. म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा.

एप्रिल सरता सरता हिरवट वटवट्याची हाक विरळ होते. एखादा मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो, म्हणून ओळीने चार फेऱ्या रिकाम्या गेल्याशिवाय रकाना बंद करू नये. या फेऱ्या कंटाळवाण्या असतात. पण वळीव पडून गेलेल्या पहाटे, त्याच तीन झाडांखाली, पालापाचोळ्यातून दोन सुरांची स्वच्छ शीळ आली तर मान वर करू नका, खाली बघा. दक्षिणेकडून वर निघालेला नवरंग पक्षी पानं उलटत असेल.