पेनाला करवती काठ

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात माझी लाकूड कातायची खराद (लेथ) आहे. वर्षभर लाटणी आणि पलंगाचे पाय, आणि श्रावण लागला की तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंद्यांची चाके, हे मुख्य काम. पेन कातण्याचा नाद पुढे लागला आणि हळूहळू त्याच्याही मागण्या येऊ लागल्या. त्यांतल्या एका मागणीने पेनाच्या शोभेच्या भागांविषयी माझी समजूत बरीच बदलली, म्हणून तेवढीच हकिकत इथे लिहितो.

पेनाचे किट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. सर्वांत साध्या, सडपातळ पेनाच्या किटमध्ये ७ मिलिमीटर व्यासाच्या दोन पितळी नळ्या, पुढचे टोक, रिफिल पुढे-मागे करणारी फिरकी, मधली कडी, क्लिप आणि क्लिपला धरणारी टोपी एवढेच असते. लाकडात आरपार भोक पाडून त्यात नळी चिकटवायची, लाकूड खरादीवर कातायचे आणि बाकीचे भाग वाइसमध्ये हलक्या हाताने दाबून बसवायचे. टोक आणि फिरकी यांना हात लावता येत नाही. रिफिल किती बाहेर येईल हे फिरकी खालच्या नळीत किती खोल दाबली त्यावर ठरते. मधली कडी मात्र केवळ शोभेची. ती काढून टाकली तरी पेन लिहिते, फक्त वरच्या आणि खालच्या भागाचा सांधा उघडा पडतो आणि दोन्ही कडा अगदी काटकोनात नसतील तर फट दिसते. किटमधली ही सोनेरी कडी सगळ्या पेनांना सारखीच असते, त्यामुळे पाच जणांनी पाच वेगळी लाकडे निवडली तरी लांबून पेने एकाच साच्यातली वाटतात.

जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एक बाई वडिलांना घेऊन आल्या. वडील कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, जुने विणकर. बाईंना रोजच्या वापरासाठी पेन हवे होते आणि त्याच्या मधल्या कडीवर करवतकाठी साडीचा काठ हवा होता. आमच्या भागात करवतकाठी कोणाला सांगावी लागत नाही. कोशाच्या साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, आणि या कापडाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

मला आधी सोपा मार्ग दिसला. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, तिथून जाड पितळी नळीचा तुकडा आणला, त्याची कडी कापली, तिकोनी कानशीने तिच्यावर दात कोरले आणि त्या खाचांत काळी भुकटी मिसळलेले इपॉक्सी भरून घासून सपाट केले. नमुना दिसायला सुबक होता आणि बाईंना तो पसंतही पडला. त्यांच्या वडिलांनी मात्र कडी चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ फिरवली आणि म्हणाले, “बाबू, हे दात कडीवर आहेत. करवतीत दात काठाचे असतात आन् ते अंगात घुसतात. मधात रेघ दिसली का समजाचं, काठ शिवला आहे, विणला नाही.”

त्यांचे म्हणणे मला लगेच पटले. करवतकाठी विणताना बाणा, म्हणजे आडवा धागा, नेणारे तीन धोटे चालतात, मधल्या अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवून पुढे नेले जातात आणि त्या अडकवण्यातूनच दात उमटतात. म्हणजे ती नक्षी वरून चढवलेली नसून सांध्याचीच घडण आहे. माझी पितळी कडी लाकडाला एका सरळ रेघेने टेकत होती, आणि ती रेघ विणकराच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. “मग कडीच नको, काकाजी,” मी म्हणालो, “काठ लाकडाचाच करू.”

अंगासाठी हळदूचे लाकूड घेतले. त्याचा पिवळा रंग कच्च्या कोशाच्या जवळ जातो आणि रेषा बारीक असल्याने कातताना ते कडेला तुटत नाही. काठासाठी बाईंची इच्छा ऐनाच्या लाकडाची होती, कारण कोशाचे किडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवतात. कारण छान होते, पण ऐनाची रेषा जाड असते आणि एवढ्याशा दाताचे टोक त्यात शाबूत राहत नाही. म्हणून दातांसाठी तेंदूचा काळा गाभा धरला. जुन्या तेंदूच्या खोडात तो मिळतो, कठीण असतो आणि त्यावर धार स्वच्छ चालते.

खरी गंमत दातांच्या हिशेबात होती. शाळेतल्या २२/७ ने ७ मिमी नळीचा घेर बरोबर २२ मिमी येतो आणि पेनाचा मधला भाग १०.५ मिमी ठेवला तर त्याचा घेर ३३ मिमी. बारा दात करायचे म्हटले तर बाहेरच्या बाजूला प्रत्येकाच्या वाट्याला २.७५ मिमी येतात आणि नळीजवळ मात्र जेमतेम १.८. सरळ खाच पाडली तर बाहेर दात नीट दिसतील पण आत शेजारच्या खाचा एकमेकींत मिसळतील. त्यामुळे कानस प्रत्येक खाचेला मध्याकडे किंचित उचलून चालवावी लागते, म्हणजे खाच बाहेर खोल आणि रुंद, आत उथळ आणि अरुंद होते. हे सगळे नळी चिकटवण्याच्या आधी करायचे, कारण नळी पुढे आलेली असली तर कानस तिलाच अडते.

बारा भाग समान पाडायला कोणतेही यंत्र लागले नाही. कागदाची पट्टी लाकडाभोवती गुंडाळून घेराएवढी कापली आणि २ मिमीच्या घरांच्या आलेखकागदावर अशी तिरकी ठेवली की तिचे एक टोक पहिल्या रेघेवर आणि दुसरे तेराव्या रेघेवर आले. मधल्या रेघा पट्टीला जिथे छेदतात तिथे खुणा केल्या, पट्टी परत लाकडावर गुंडाळली आणि खुणा ब्लेडने उतरवल्या. मग तेंदूची एक लांब, तिकोनी, तिन्ही कोन साठ अंशांचे असलेली काडी रंधून घेतली. कानसही साठ अंशांचीच असते, म्हणून खाच उथळ असो वा खोल, काडी तिच्यात दोन्ही अंगांनी टेकतेच. काडीचे तुकडे करून एकेका खाचेत डकवले, वर आलेला भाग सपाट केला, आत डोकावणारी टोके ७ मिमीच्या ड्रिलने हातानेच साफ केली आणि मग नळी आत सरकवून तिच्या उघड्या राहिलेल्या टोकावर तेंदूचीच अखंड कडी चढवली. कडी आणि दात एकाच लाकडाचे असल्याने त्यांच्यातला सांधा काळ्यात हरवतो, आणि डोळ्याला दिसते ते एवढेच की काळ्या काठाचे दात पिवळ्या अंगात शिरले आहेत.

यापुढचा धोका पॉलिश पेपरचा. तेंदूची काळी भुकटी हळदूच्या छिद्रांत बसली की पिवळ्यावर मळकट छटा येते आणि ती पुसून जात नाही. पितळ असते तर हाच त्रास करड्या डागांच्या रूपाने झाला असता, शिवाय घासताना पितळ तापून डिंक सैल होण्याची भीती वेगळीच. म्हणून शेवटचा पापुद्रा तिरक्या पटाशीने, नुकती धार लावून काढला आणि लगेच पातळ फेविक्विकचा हात फिरवून छिद्रे बंद केली. पॉलिश पेपर त्यानंतरच, तोही अगदी बारीक, खराद बंद ठेवून, लांबीच्या दिशेने, हळदूकडून तेंदूकडे. उलट दिशेने एकदाही नाही. हा क्रम ज्यांना वेळखाऊ वाटतो त्यांनी काळे-पिवळे लाकूड शेजारी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐनाची हौस टोपीवर भागवली. किटमधल्या टोपीचा सोनेरी घुमट कातून सपाट केला, नळीत जाणारी तिची दांडी तशीच ठेवली, कारण क्लिप तिच्याच आधाराने अडकून राहते, आणि वर ऐनाचा लहानसा तुकडा खुंटीने बसवून त्याला रेशीमकिड्याच्या कोशासारखा लांबट गोल आकार दिला. इथे दात नव्हते, त्यामुळे ऐनाची जाड रेषा उलट शोभूनच दिसली.

पेन घ्यायला दोघेही आले. काकाजींनी आधी अंगठ्याचे नख दातांवरून दोन्हीकडे फिरवले. ते कुठे अडले नाही. मग काठाच्या खालच्या, सरळ कडेवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “इकडे दात नाही दिले?” मी म्हणालो की पेनाचा वरचा भाग हे साडीचे अंग धरले आहे, तेव्हा खालची बाजू काठाची बाहेरची कोर झाली. त्यांनी मान हलवली आणि पेन मुलीच्या हातात दिले. मजुरीचा आकडा ऐकून बाई थोड्या थबकल्या, तेव्हा तेच म्हणाले, “सांध्याचे पैसे आहेत, बाई. लाकडाचे नाहीत.”

त्यानंतर शाळेतल्या इतर काही जणांनी असेच पेन मागितले. बारा खुणांची एक लाकडी चकती आता करून ठेवली आहे, त्यामुळे कागदाची पट्टी दर वेळी गुंडाळावी लागत नाही. काहींना खालच्या भागालाही काठ हवा असतो, म्हणजे दोन काठ समोरासमोर. तो करता येतो, फक्त खालची कडी चढवल्यावर तिचे टोक नळीशी समपातळीत छाटावे लागते, नाहीतर फिरकी पूर्ण बसत नाही आणि रिफिल कमी बाहेर येते. अशा गिऱ्हाइकाला मी एक गोष्ट काम हाती घेण्याआधीच सांगतो. पेन उघडताना वरचा भाग फिरतो, तेव्हा लिहिण्याच्या स्थितीत दात समोरासमोर जुळवले तर पेन बंद असतानाही ते जुळतील याची हमी देता येत नाही. दोहोंपैकी कोणती स्थिती हवी ते ज्याचे त्याने ठरवावे.