गाडीची सीट अन् तर्री

परवा दुपारी बर्डीत पंधरा मिनिटांचं काम म्हणून गाडी उन्हातच लावली, अन् परत येऊन सवयीनं धपकन सीटवर बसलो. मे महिना, नागपूर, काळं रेक्झिन. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की उडालो आधी आणि जळजळ मागून आली, चांगली सावकाश, जशी काही बर्डीतून पायी निघाली होती.

घरी आल्यावर वाचत बसलो तर खरंच तसंच आहे म्हणे. जळजळीची बातमी नेणारे मज्जातंतू सेकंदाला साधारण मीटरभरच जातात, ज्यांच्यावर चरबीचं जाड वेष्टण असतं ते 120 मीटरपर्यंत पळतात.

शाळेत मला वाटायचं नर्व्ह म्हणजे वायर, इकडे बटण दाबलं की तिकडे बल्ब. पण सोडियमचा एकही कण मांडीपासून मेंदूपर्यंत जात नाही. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त (तेच, आपल्या मिठातलं), आत पोटॅशियम जास्त, आणि एक पंप दिवसरात्र तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं, म्हणून आतली बाजू बाहेरच्यापेक्षा 70 मिलिव्होल्टच्या आसपास खाली. मग पेशीच्या पडद्यातलं एक दार उघडलं की सोडियम भसकन आत, व्होल्टेज वर, त्या धक्क्यानं शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. आमच्या गल्लीत टँकर आला की असंच होते. पहिल्या घरची काकू "आला वो टँकर" म्हणून ओरडते, ते ऐकून दुसरीचं दार उघडतं, दुसरीची बोंब तिसरीला, प्रत्येकजण आपल्याच दारात अन् बातमी मात्र गल्लीच्या टोकाला. ज्यांच्या बादल्या आत्ताच भरल्या त्या लगेच परत येत नाहीत, म्हणून बोंब मागे फिरत नाही. नर्व्हमध्येही उघडून बंद झालेलं दार क्षणभर अडून बसतं. एका जागचा हा सगळा खेळ एकदोन मिलिसेकंदांत आटोपतो. हॉजकिन आणि हक्सली ह्या दोघा शास्त्रज्ञांनी तो 1952 साली आकड्यांत बसवला, तेही स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड नर्व्हवर (आता समुद्र न पाहिलेल्या नागपूरकराला स्क्विड काय सांगू).

पण मला खरी गंमत पहिल्या दाराची वाटली. सीट तापली की जे दार उघडतं ते साधारण 43 अंशांच्या पुढे उघडतं, आणि तेच दार मिरचीतलं कॅप्सेसिनही उघडतं. तेच! डेव्हिड ज्यूलियसच्या टीमनं हे 1997 मध्ये शोधलं अन् 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे सावजीचा रस्सा खाताना आपण 'आग झाली बे' म्हणतो ते मेंदूच्या लेखी अक्षरशः खरं आहे, त्याला मिरची अन् रेक्झिन वेगळं सांगायला ह्या दारापाशी कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेल्यावर मित्राला हे सगळं तर्री पोहे खाता खाता समजावलं. तो म्हणे, "बरं मंग, चहा घेतो का?" घेतला. मिरची त्या दाराची मर्यादाच खाली आणते, रोजचा कोमट वाटणारा चहासुद्धा चटका देतो, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं, तरी पहिला घोट मोठाच घेतला अन् मग गुपचूप बशी मागितली.