बंद घड्याळ रात्रभर काय खात होतं?

साताऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांमध्ये धावणाऱ्यांच्या घड्याळांचा भरणा जास्त. २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणारी माणसं रोजची झाली. त्यात पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरंपोरी. मोबाईल दुरुस्ती मी घरातूनच करते. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर सोल्डरिंग स्टेशन, डीसी सप्लाय (हवं तेवढं व्होल्टेज देऊन किती करंट जातोय ते दाखवणारं यंत्र), दोन मीटर, आणि टेबलाखाली वाळूची बादली. अलीकडे मोबाईलपेक्षा घड्याळंच जास्त उघडावी लागतात, आणि दहातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, ‘बॅटरी टिकत नाही, बदलून द्या.’

ती मुलगी आली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले असतील. मैदानावरून थेट आली होती. पोलीस भरतीची तयारी करते, आठशे मीटरचा सराव चालू. मुलींना आठशे मीटरच्या धावेला २० गुण असतात आणि थोड्याशा सेकंदांनी गुण घसरतात, त्यामुळे प्रत्येक फेरीची वेळ तिच्या दृष्टीने फार मोलाची. घड्याळ जीपीएसवालं, बटणांचं, सैन्यात असलेल्या भावाने सुट्टीवर आला तेव्हा स्वतःच्या मनगटावरचं काढून दिलेलं.

“ताई, रात्री नऊला शंभर टक्के करून ठेवते. पहाटे पाचला बघते तर बंद. बॅटरी एकदा बदललीय, चार्जिंगची वायर पण नवीन घेतली. आता काय करू सांगा.”

“रात्री चालूच ठेवतेस की बंद करून?”

“दोन्ही करून बघितलं. बंद करून ठेवलं तरी उतरतं.”

हे तिने न विचारता करून पाहिलं होतं, आणि माझं निम्मं काम तिथेच झालं. घरी कुणालाही करता येण्यासारखी ही सगळ्यात चांगली तपासणी आहे. घड्याळ पूर्ण चार्ज करायचं, मेनूतून बंद करायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी चालू करून टक्के बघायचे. बंद असताना उतरत नसेल आणि वापरताना भराभर उतरत असेल, तर आधी सेटिंग बघावं. सतत पेटता स्क्रीन, रात्रभर चालणारं ऑक्सिजनचं मोजमाप, चालू राहिलेलं जीपीएस, फोन दूर गेला की त्याला शोधत बसणारं ब्लूटूथ. बंद असतानाही उतरत असेल, तर सेटिंगचा काही संबंध राहत नाही. एक तर बॅटरीचा सेलच आतल्या आत उतरतोय, नाही तर बोर्डावर कुठेतरी लीकेज आहे, म्हणजे करंट गळतोय.

तिने पर्समधून एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घड्याळातली मूळ बॅटरी, कनेक्टरवर चिकटपट्टी लावून नीट ठेवलेली. “दादा म्हणाला होता, काही बदललं तर जुना पार्ट मागून घ्यायचा.” त्या दादाचे मी मनोमन आभार मानले. दुसऱ्या दिवशी अकादमीत त्यांची वेळ मोजून घ्यायची चाचणी होती, त्यामुळे घड्याळ संध्याकाळपर्यंत हवं होतं. बघते म्हणाले, हमी दिली नाही.

मागचे चार टॉर्क्स स्क्रू काढले आणि झाकण उचलताच घामाचा आंबूस वास आला. या घड्याळाच्या झाकणाखाली रबराची बारीक रिंग असते, तिच्यामुळेच पाणी आत जात नाही. ती रिंग एका कोपऱ्यात खोबणीतून बाहेर येऊन झाकणाखाली चिमटली होती आणि तिथे चपटी झाली होती. आधी ज्यांनी बॅटरी बदलली त्यांनी झाकण तसंच आवळलं असणार. तेवढ्या फटीतून रोजचा घाम आत जात राहिला.

बॅटरीचा कनेक्टर सोडवून आधी सेलचं व्होल्टेज घेतलं, ३.६ च्या आसपास. तो फुगलेला नव्हता. मग बॅटरी बाजूला ठेवून डीसी सप्लायवर ३.८ व्होल्ट लावले आणि बोर्डाला सप्लायवरूनच वीज दिली. घड्याळ चालू झालं. मेनूतून बंद केलं, स्क्रीन काळा झाला. सप्लायवरचा करंटचा आकडा मात्र शून्यावर गेलाच नाही, २८ मिलीअँपिअरवर थांबला.

घड्याळ बंद आहे आणि २८ मिलीअँपिअर खातंय! बंद घड्याळात वेळ धरून ठेवणारा भाग तेवढा जागा असतो आणि त्याला काही मायक्रोअँपिअर पुरतात, म्हणजे एका मिलीअँपिअरच्या हजाराव्या भागात मोजण्याचा मामला. हे तर चालू घड्याळाच्या सरासरीपेक्षाही कितीतरी जास्त होतं. साधं गणित बघा. एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. २२० एमएएचची बॅटरी आठवडाभर पुरवायची, तर १६८ तासांत सरासरी १.३ मिलीअँपिअरवर भागवावं लागतं. हे बंद असताना त्याच्या वीसपट ओढत होतं.

दुसरंही गणित लगेच मांडलं. बदलून बसवलेल्या बॅटरीवर ३०० एमएएच छापलं होतं. ३०० ला २८ ने भागलं तर पावणेअकरा तास येतात. पोरीचं घड्याळ नऊ ते पाच, आठ तासांत बसत होतं. आठ गुणिले २८ म्हणजे २२४. म्हणजे ३०० चा आकडा लेबलापुरताच. मूळ बॅटरीवर २२० लिहिलेलं आणि दोन्हींचा आकार हुबेहूब सारखा. तेवढ्याच जागेत एवढी जास्त ताकद कुणी भरत असेल, तर मी आधी शंकाच घेते.

दोन्ही सेल तपासणीला लावून द्यायचे ठरवले. मूळ सेलचं व्होल्टेज ३.२ भरलं. इतके दिवस पिशवीत पडून तो इतपत राहिला हेच मला मोठं वाटलं. अडीच व्होल्टच्या खाली जाऊन पडलेला लिथियम सेल मी पुन्हा चार्ज करत नाही. आतलं तांबं विरघळून शॉर्ट होण्याचा धोका असतो, आणि ही वस्तू माणसाच्या मनगटावर बसणार असते. हा सेल मात्र सुरक्षित हद्दीत होता, कडा सपाट, कुठे फुगवटा नाही. कमी करंटवर चार्जिंगला लावला आणि मी बोर्डाकडे वळले.

भिंगाखाली चार्जिंगच्या पिना जिथे बोर्डाला टेकतात तो भाग बघितला. पांढरट खवले, आणि एका पॅडच्या कडेला हिरवट छटा. घाम म्हणजे मिठाचं पाणी. पळून आल्यावर घड्याळ ओलंच चार्जरला लावलं की पिनांवर पाच व्होल्ट येतात, मधे मिठाचं पाणी असतं, आणि धातू झिजायला लागतो. हे बाहेरच्या पिनांचं. आत घाम शिरला असेल तर तिथे बॅटरी चोवीस तास जोडलेलीच असते, त्यामुळे ही झीज थांबत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सगळं धुऊन काढलं, ब्लोअरच्या हलक्या उबेवर वाळवलं. पुन्हा सप्लाय लावला. २८ चे १९ झाले.

इथे बरेच जण थांबतात. आकडा उतरला, घड्याळ चालू होतंय, ग्राहक वाट बघतोय. पण १९ मिलीअँपिअर म्हणजे बारा तासांत बॅटरी खल्लास.

बॅटरीची लाइन आणि ग्राउंड, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक, यांच्यामध्ये छोटे छोटे सिरॅमिक कॅपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारे भाग, जोडलेले असतात. तांदळाच्या कणीएवढेसुद्धा नसतात. त्यातला एखादा हाफ शॉर्ट झाला, म्हणजे आतून अर्धवट जोडला गेला, की करंट त्याच्यातून गळत राहतो. पूर्ण शॉर्ट असता तर मीटर बीप वाजवून मोकळा झाला असता. हाफ शॉर्टमध्ये बीप वाजत नाही. १९ मिलीअँपिअर आणि ३.८ व्होल्ट म्हणजे पाऊण दशांश वॅटसुद्धा नाही, पण एवढ्याशा कॅपॅसिटरला तेवढी ऊब पुरते. थर्मल कॅमेरा माझ्याकडे नाही. मी पंखा बंद केला, खिडकी लावली, त्या भागावर अल्कोहोलचा पातळ थर सोडला आणि सप्लाय चालू केला. भिंगातून बघत राहिले. सगळीकडे थर सारख्या वेगाने आटत होता. कनेक्टरच्या शेजारच्या एका कॅपॅसिटरवर मात्र आधी कोरडा ठिपका उमटला. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा तिथेच. मग आणखी एकदा, आणि तेव्हा माझ्या छातीत जी धडधड झाली ती या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

भिंग वाढवून बघितलं तर त्या कॅपॅसिटरच्या टोकाशी केसासारखी तिरकी भेग होती. सिरॅमिक कॅपॅसिटर वाकण सहन करत नाही. बोर्डाला पीळ बसला की टोकाशी तडा जातो, आणि त्या तड्यात ओल शिरली की तिथून करंट गळायला लागतो. हा पीळ कशाने बसला असेल ते खात्रीने नाही सांगता येणार. घड्याळ आपटलं असेल, किंवा बॅटरी काढताना खालून पाना घालून उचकटली असेल. बॅटरी दुपदरी टेपने चिकटलेली असते, ती उचकटायची नसते. कडेने अल्कोहोलचा थेंब सोडून प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवायची असते.

हॉट एअरने तो कॅपॅसिटर उचलला. सप्लायवर ०.०००. सप्लायला मिलीअँपिअरच्या खालचं दिसत नाही, म्हणून मीटर सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, लावला. आधी मिलीअँपिअरच्या रेंजवर, घड्याळ चालू करून बंद केल्यावर मगच मायक्रोअँपिअरवर. लगेच खालच्या रेंजला गेलं तर मीटरच्या स्वतःच्या अडथळ्यामुळे घड्याळाला चालू होण्यापुरता करंटच मिळत नाही आणि माणूस बोर्ड गेला म्हणून बसतो. आकडा आला ३७ मायक्रोअँपिअर. एवढ्यावर बंद घड्याळ महिनोन्‌महिने पडून राहू शकतं.

कॅपॅसिटरची जागा रिकामी ठेवूनही घड्याळ चाललं असतं. लाइनवर दुसरे कॅपॅसिटर होतेच. पण जीपीएस लागताना करंट झटक्याने वाढतो, तेव्हा हेच कॅपॅसिटर व्होल्टेज सावरतात, त्यामुळे जागा मोकळी सोडणं मला पटत नाही. एका मेलेल्या मोबाईलच्या बोर्डावर बॅटरीच्याच लाइनवरचा, त्याच आकाराचा कॅपॅसिटर काढला, मीटरवर तपासला आणि बसवला. करंट पुन्हा मोजला, जागचा हलला नव्हता.

दुपारी सेलचे आकडे हातात आले. ३०० छापलेल्या सेलने २१४ एमएएच दिले. मूळ सेल चार्ज होऊन उतरवायला लावला होता, त्याने २०६ दिले. २२० चा सेल एवढा वापर झाल्यावर २०६ देतो म्हणजे तो ठणठणीत आहे. त्या पोरीने बॅटरीचे पैसे भरले, वायरचे भरले, आणि जी बॅटरी खराब म्हणून काढली गेली ती सगळ्या घड्याळात सगळ्यात निरोगी होती. मला फार वाईट वाटलं. भरतीची तयारी करणाऱ्या घरांत हे पैसे कुठून उभे राहतात ते मी रोज बघते. बॅटरी बदलण्याआधी दोन मिनिटं करंट मोजला असता तर हे टळलं असतं, आणि त्याला साधा मीटर पुरतो.

मूळ सेलच परत बसवला. त्याचा कनेक्टर अस्सल होता, बसताना टिक्‌ असा आवाज आला. रबराची रिंग नवी, खोबण कापसाच्या बोळ्याने पुसून, रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. चारही स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, म्हणजे झाकण सगळीकडून सारखं बसतं.

सहा वाजता ती आली. तिला मी बोर्डाचा फोटो दाखवला, भेग दाखवली, दोन्ही सेलचे आकडे लिहून दिले. ती बराच वेळ फोटोकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे दादाची बॅटरी चांगलीच होती.”

“चांगलीच होती. आता दोन गोष्टी पाळायच्या. पळून आलीस की घड्याळ साध्या पाण्याखाली धुवायचं, पुसायचं, मागच्या पिना कोरड्या झाल्या की मगच चार्जिंग. आणि एकदा उघडलेलं घड्याळ आहे, पोहायला घालून जायचं नाही.”

“पावसात भिजलं तेव्हा तांदळात ठेवलं होतं, ताई.”

तांदळाचं मला दर पावसाळ्यात सांगावं लागतं. तांदळाने आतलं मीठ निघत नाही. पाणी आटतं तेवढं हवेनेही आटतं, मीठ बोर्डावरच राहतं आणि वर तांदळाची भुकटी पिनांच्या फटीत बसते. भिजलं असेल तर बंद करायचं, चार्जरला लावायचं नाही आणि लवकर उघडून धुऊन घ्यायचं. पॉवर बँकवर घड्याळ चार्ज करत असशील तर तेही बघ, असं तिला सांगितलं. घड्याळ इतका थोडा करंट घेतं की बऱ्याच पॉवर बँकांना काही जोडलंय हेच कळत नाही, त्या आपोआप बंद होतात आणि घड्याळ अर्धंच भरलेलं राहतं. ती हसली. हॉस्टेलवर तेच चालायचं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला तिचा मेसेज आला. रात्री शंभर, आता ९९, चालूच ठेवलं होतं. सव्वासातला दुसरा मेसेज, आठशे मीटरच्या वेळेचा. आकडा तिचा आहे, मी इथे लिहीत नाही, पण आधीच्या वेळेपेक्षा कमी होता.

त्याच दुपारी तिच्या अकादमीतली दोन मुलं घड्याळं घेऊन आली. पहिल्याच्या घड्याळात बिघाड नव्हता. सतत पेटता स्क्रीन आणि रात्रभराचं ऑक्सिजन मोजमाप बंद केलं, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्याचा स्क्रीन एका बाजूने उचलला गेला होता, नख जाईल एवढी फट. त्याला वाटत होतं गोंद सुटलाय, दाबून चिकटवून द्या. दाबायचं तर नाहीच, आजपासून चार्जरलाही लावायचं नाही, असं मी त्याला आधी सांगितलं. फुगलेला सेल दाबला तर पेट घेऊ शकतो. घड्याळ त्याच्यासमोरच उघडलं, उशीसारखा फुगलेला सेल सोडवून वाळूच्या बादलीत ठेवला आणि त्याच मापाचा नवा सेल मागवला.